हत्तीच्या पोटातला गुलाब

“आत्या, खोबरं लालसर झालं बघा. काय खमंग वास सुटलाय आता!”

मी कढईपुढं बसलेली असायची आणि माझी धाकटी सून स्वरूपा शेजारी उभी राहून हे असं बोलत राहायची. धने तडतडले की “आत्या, धन्यांचा वास आला,” तीळ उडायला लागले की “आत्या, आता उतरवायचे ना?” लग्न होऊन तिला वर्षही झालं नव्हतं. घरात आली तेव्हा मुकी आहे की काय, असं वाटावं इतकी गप्प. श्रावण सरला आणि हिच्या तोंडाला जी सुरुवात झाली, ती थांबेचना.

“तुला कुणी विचारलं गं?” मी खेकसायची. “तुझ्या आईला धड परकर नेसता येत नव्हता, तेव्हापासून मी मसाला भाजतेय. मला वास सांगते!”

“तसं नाही आत्या, मी आपलं उगीच...”

“उगीच बोलायचं असलं तर म्हशीशी बोल. तिला वेळ असतो.”

ती हसून गप्प व्हायची, आणि लसूण कढईत पडला की पुन्हा सुरू.

हे ऐकून कुणी मला खाष्ट म्हणेल. म्हणू दे. मळेवाडीत मला भागाक्का म्हणतात, आणि माझ्या पाठीमागं काय म्हणतात तेही मला ठाऊक आहे. शाळेत मी चौथीपर्यंत गेले, त्यातही निम्मा वेळ शाळेमागच्या चिंचेखाली. पण आमच्या मसाला गटातल्या अठरा बायका माझ्या शब्दावर कढई चढवायच्या आणि माझ्याच शब्दावर उतरवायच्या. ते माझ्या शिक्षणामुळं नव्हे, नाकामुळं. मिरचीचं पोतं न सोडता मी सांगायची, वर वाळलेली आहे आणि तळाला ओली भरलीय. व्यापारी कपाळावरचा घाम पुसत पोतं परत गाडीत टाकायचे.

हादग्यात तर माझ्या नाकानं मी खेळ बिघडवायची. नवरात्रात आमच्याकडं पाटावर हत्ती काढतात, पोरीबाळी त्याच्याभोवती फेर धरून गाणी म्हणतात, आणि शेवटी घरधनीण झाकलेल्या डब्यात खिरापत आणते. ती सगळ्यांनी ओळखायची. डबा हलवायचा, गोड का तिखट विचारायचं, आणि घरधनिणीनं नाही नाही म्हणत सगळ्यांना दमवायचं. मी डबा हलवायचीसुद्धा नाही. झाकणाच्या फटीशी नाक नेलं की संपलं. “भागाक्काला सगळ्यांच्या शेवटी डबा द्या गं,” असा नियमच पडला होता गावात.

आणि त्या श्रावणात मला ताप आला. आठवडाभर अंथरुणाला खिळले. उठले, तोंड धुतलं, स्वयंपाकघरात गेले, आणि नाक नव्हतं. म्हणजे जागेवर होतं, चमकीसकट. पण वास म्हणून काही नाही. भाकरी करपली तरी नाही, रॉकेल सांडलं तरी नाही. मिरचीनं ठसका लागायचा, कांद्यानं डोळ्यांतून पाणी यायचं, पण वास नाही. गुळाचा खडा तोंडात टाकला तर नुसता गोड. गूळ कुठं गेला त्यातला, देव जाणे. पुढं वर्ष-दीड वर्षानं तो सगळा वास चोरपावलांनी परत आला, पण तेव्हा मला काय माहीत होतं तो यायचा आहे म्हणून?

मी कुणालाही सांगितलं नाही. रंग बघून भाजायची, आवाज ऐकून उतरवायची. इतक्या वर्षांचा हात, चुकत नव्हता. पण भागाक्काला खोबरं आणि खराटा आता एकच, हे ज्या दिवशी कळेल, त्या दिवशी माझ्या शब्दावर कढई कोण चढवणार होतं?

असे दिवस चालले होते, आणि दुबईहून फोन आला. तिथं आपल्या माणसाचं दुकान आहे. त्यानं आमचा मसाला तपासायला दिला होता. तो पास झाला असता तर दिवाळीपासून अठरा घरांना बारमाही काम लागलं असतं. तो पास झाला नाही. मसाल्यात जंतू निघाले.

“जंतू? माझ्या मसाल्यात?” मी म्हटलं. “त्याला म्हणावं, आधी आरशात बघ.”

सगळ्या बायका शेडमध्ये मिरच्यांची देठं काढत बसल्या होत्या. कुणी मान वर करेना. स्वरूपा दाराशी उभी होती. ती एमायडीसीतल्या एका नव्या कारखान्यात नोकरी करायची, पदार्थविज्ञान शिकलेली.

“आत्या, जे जे मातीतून येतं त्यात ते असतातच,” ती म्हणाली. “आपल्याला त्यानं काही होत नाही, पण तिकडचे नियम कडक आहेत. आमच्या कारखान्यात एक यंत्र आहे. बंद खोकं पट्ट्यावर ठेवायचं, ते एका बाजूनं आत जातं आणि दुसऱ्या बाजूनं बाहेर येतं. उघडायचं नाही, भाजायचं नाही, भिजवायचं नाही. जंतू मरतात, मसाला होता तसा राहतो.”

“गेल्या साली त्या वाफवाल्यानंबी असंच सांगितलं होतं,” जयवंता म्हणाली. ती आमच्यातली सगळ्यांत भित्री. “पोतं उघडलं तर आत निव्वळ चिखल.”

“इथं वाफ नाही, जयवंतामावशी. विजेचे कण आहेत, फार वेगानं सोडलेले.”

“वीज!” जयवंताच्या हातातली मिरची खाली पडली. “आणि आमटी खाल्ली की झटका बसायचा?”

“तुझ्या नवऱ्याला बसू दे की,” सुला म्हणाली. “बाजेवरनं उठंल तरी.”

सुला माझी लहानपणापासूनची मैत्रीण. माझ्या तोंडाला तोंड देणारी गावात ती एकटीच.

“झटका नाही बसत हो,” स्वरूपा हसत म्हणाली. “मिरची उन्हात वाळवता, म्हणून तिच्यात सूर्य शिल्लक राहतो का?”

बायका हसल्या. मला ते हसणं आवडलं नाही.

“आणि त्या यंत्राचं नाव काय म्हणालीस?”

“ऱ्होडोट्रॉन.”

“बघा. नाव घेताना दात सांभाळावे लागतात. माणसाच्या पोटात जायचं ते असल्या राक्षसाच्या तोंडातनं?”

“भागे, नाव राहू दे,” सुला म्हणाली. “ही पोरगी मसाला यंत्रातनं काढून आणू दे, तू हुंग आणि सांग. तुझ्या नाकाला पटलं तर आम्हाला पटलं. काय गं?”

“हां, भागाक्का हुंगून सांगतील तसं,” सगळ्या एका सुरात.

हुंगून! मी काय हुंगणार होते, कपाळ? अशा वेळी शहाण्या माणसानं डोकं दुखतंय म्हणून उठावं. पण माझं तोंड माझ्या आधी धावतं.

“हुंगायचं काय त्यात?” मी गरजले. “विजेनं मारलेला मसाला मेलेलाच असणार. बंद डब्यात ठेवा, चार फडकी गुंडाळा, तरी ही भागाक्का लांबनं सांगंल, यातला मेलेला कुठला आणि जिता कुठला!”

“झालं तर मग,” सुलानं मांडीवर थाप मारली. “शनिवारी हादगा तुझ्याच घरी आहे. खिरापत दोन डब्यांत ठेवू. एकात आपला मसाला, एकात यंत्रातला. तू ओळखलास तर यंत्राचं नाव पुन्हा कुणी काढायचं नाही. चुकलीस तर मसाला यंत्रातनं जाणार आणि तू हूं का चूं करायचं नाहीस.”

“सुलामावशी, नको,” स्वरूपा एकदम पुढं आली. तिचा चेहरा उतरला होता. “अशी पैज नको. आत्यांना असं सगळ्यांसमोर...”

“का गं? हरायची भीती वाटतीय?” मी म्हटलं.

शनिवारी ऊन कलायच्या आत आमचं अंगण भरलं. गटातल्या बायका, त्यांच्या लेकी, नाती, काखेतली पोरं. मधोमध पाट, पाटावर तांदळानं काढलेला हत्ती, त्याला झेंडूची माळ. मी नवीन इरकल नेसून ओसरीवर बसले होते. फाशी द्यायला नेतात त्या माणसालाही नवे कपडे देतात म्हणे.

गाणी झाली. फेर झाले. पोरी खिरापतीची वाट बघत दमल्या, तेव्हा स्वरूपा पदर खोचून हत्तीजवळ उभी राहिली.

“खिरापतीच्या आधी एक नवा खेळ. ऱ्होडोट्रॉनचा.”

“हत्ती हलवायचा नाही!” मी ओसरीवरून ओरडले.

“हत्तीच तर हवाय, आत्या. त्याच्याशिवाय यंत्र चालणार नाही.” तिनं बायकांना हत्तीभोवती मोठ्या गोलात लांब लांब उभं केलं. “समजा, हे अंगण म्हणजे एक गोल पिंप. मधे हत्ती आहे ना, तिथं यंत्रात एक खांब असतो, त्याला आरपार भोकं असतात. विजेचा कण ह्या कडेनं आत येतो, खांबाच्या पोटातून जातो आणि समोरच्या कडेला पोचतो. कण कोण होणार?”

“मी!” सुलाची नात तनू. सशासारखी पळणारी पोरगी.

“हत्तीच्या पोटातनं कशी जाणार? पाय लागंल देवाला,” जयवंता म्हणाली.

“वरनं उडी मारीन,” तनू म्हणाली.

“आणि कडेच्या तुम्ही सगळ्या म्हणजे चुंबकं,” स्वरूपानं सांगितलं. “तनू तुमच्याजवळ आली की तिचा हात धरायचा, फुगडीसारखा अर्धा गरका द्यायचा आणि परत हत्तीकडं सोडायचं. पण आली तशीच सरळ मागं नाही, जराशी तिरकी, म्हणजे ती समोरच्या दुसऱ्याच मावशीकडं पोचेल.”

“आम्ही ढकलायची का तिला?” सुलानं विचारलं.

“नाही. चुंबक नुसतं वळवतं. वेग मिळतो तो मधल्या मोकळ्या जागेत. तिथं विजेची लाट असते, ती दर खेपेला कणाला पुढं रेटते. ती लाट म्हणजे आपल्या टाळ्या. ती निघाली की टाळ्या, आणि दर खेपेला जास्त जोरात. मात्र टाळी वेळेवर पडायला हवी. लाट चुकली तर कण अडखळतो.”

तनूच्या दोन्ही मुठींत तिनं रांगोळी दिली. “पळताना सोडत जा.”

आणि पोरगी सुटली. हत्तीवरून उडी, समोर जयवंतानं धरून गरका दिला, परत हत्ती, परत उडी. पहिल्या एक-दोन खेपांना टाळ्या कशाही पडत होत्या आणि तनू अडखळत होती. मग बायकांना ताल सापडला. हात कुठं आणि कसा टाकायचा हे आमच्या बायकांना शिकवावं लागत नाही. जन्म गेलाय फेर धरण्यात. टाळ्यांचा असा कडकडाट झाला की शेजारच्या गोठ्यातली म्हैस हंबरली. तनू एकीच्या हातातून दुसरीच्या हातात, हत्तीवरून पुन्हा पुन्हा, दर खेपेला आधीपेक्षा जोरात. वेण्या सुटल्या, रिबिनी उडाल्या. काखेतली पोरंसुद्धा टाळ्या पिटायला लागली.

“दहावी!” स्वरूपा ओरडली. “आता वळवू नका, सोडा! बाहेर जाऊ दे!”

सुलानं हात मागं घेतला आणि तनू फेरातून सुटली ती थेट ओसरीवर, माझ्या मांडीत येऊन आदळली. माझा चष्मा एकीकडं, मी दुसरीकडं.

“आत्या म्हणजे मसाल्याचं खोकं,” स्वरूपा धापा टाकत म्हणाली. “कण जाऊन खोक्यावर आदळतो आणि आतले जंतू मरतात.”

“भागीतले सगळे जंतू मेले तर मागं उरायचं काय?” सुला म्हणाली.

अंगणभर हशा पिकला. जयवंताच्या डोळ्यांतून पाणी आलं. मी तनूला मांडीवरून ढकललं, चष्मा शोधला आणि सुलाला अशी शिवी दिली की ती इथं सांगत नाही. पण खरं सांगते, मलाही हसू आवरेना.

“आता जरा मागं सरा,” स्वरूपा म्हणाली, “आणि खाली बघा.”

बायका मागं सरल्या. शेणानं सारवलेल्या अंगणात रांगोळीच्या रेघा उमटल्या होत्या. तनू जिथं जिथं गरका घेऊन वळली, तिथं रेघ बाहेर फुगून गोलसर परत फिरली होती, आणि सगळ्या रेघा मध्ये हत्तीच्या पोटात एकमेकींना छेदून गेल्या होत्या. पाकळीवर पाकळी. एक मोठं टपोरं फूल अंगणात पडलं होतं, आणि त्याच्या गाभ्यात आमचा हत्ती.

“गुलाब!” तनू ओरडली.

“गुलाबच,” स्वरूपा म्हणाली. “ज्यांनी हे यंत्र केलं, त्यांनाही कणाची वाट अशीच दिसली. जुन्या ग्रीक लोकांच्या भाषेत गुलाबाला ऱ्होडॉन म्हणायचे. त्यावरून ऱ्होडोट्रॉन.”

“आणि ते मागचं ट्रॉन?” सुलानं विचारलं.

“ते असल्या यंत्रांचं आडनाव समजा. सायक्लोट्रॉन, बीटाट्रॉन, अशी बरीच मोठी भावकी आहे त्यांची. सायक्लोट्रॉनमध्ये कण भोवऱ्यासारखा गोल गोल बाहेर सरकत जातो. प्रत्येकाची चाल वेगळी, म्हणून नाव वेगळं.”

जयवंता वाकून पाकळ्यांकडं बघत होती. “माझ्याजवळनं वळली ती पाकळी सगळ्यांत मोठी आलीय,” ती म्हणाली. दोन दिवसांपूर्वी हीच बाई झटक्यानं मरणार होती.

आम्ही जातीचे माळी. आमच्या मळ्यात गुलाबाचे वाफे आहेत. मला राहवलं नाही. “वास नसलेला कसला गुलाब आलाय?” मी म्हटलं, आणि म्हटल्याबरोबर माझीच जीभ चावली.

स्वरूपानं माझ्याकडं पाहिलं. आत गेली आणि दोन डबे घेऊन आली, एक पितळी, एक स्टीलचा.

पोरींनी डबे हलवले. आत खुळखुळलं.

“भडंग!” चार जणी एकदम.

“हे ओळखणं सोपं होतं,” स्वरूपा म्हणाली. “चुरमुरे एकाच पोत्यातले, तेल एक, शेंगदाणे एक. मसालासुद्धा एकाच दिवशी कुटलेला, सुलामावशींकडून आणलेला. फरक एवढाच, एका डब्यातला मसाला यंत्रातून जाऊन आलाय. कुठला ते सांगा.”

डबे अंगणभर फिरले. बायकांनी झाकणं किलकिली करून हुंगलं, मग मूठ मूठ तोंडात टाकलं. जयवंता म्हणाली यंत्रातला पितळी, सुला म्हणाली स्टीलचा. कुणी म्हणालं स्टीलच्यात लसूण जास्त लागतोय, कुणी म्हणालं छे, लसूण पितळीत. दोघी बहिणी एकमेकींशी भांडल्या. एक म्हातारी दोन्ही डब्यांतलं दोनदोनदा खाऊन म्हणाली, “मला कळंना. अजून जरा द्या बघू.” निम्म्या इकडं, निम्म्या तिकडं.

“आता भागी,” सुला म्हणाली. आणि सगळ्या माझ्याकडं वळल्या.

मी ओसरीच्या कडेला सरकून बसले. पाठ ताठ, मान वर. इतक्या नाकांना जे कळलं नाही, ते माझ्या मेलेल्या नाकाला कळणार होतं! नुसता एक डबा दाखवायचा आणि नशिबावर सोडायचं, एवढंच मी ठरवलं होतं. पण बायका डोळ्यांत तेल घालून बघत होत्या, आणि सुलाला माझा चेहरा लहानपणापासून वाचता येतो.

स्वरूपा दोन्ही डबे घेऊन माझ्यापुढं वाकली. तिची पाठ बायकांकडं होती. डबे माझ्या मांडीवर ठेवता ठेवता तिनं ओठ न हलवल्यासारखं म्हटलं,

“यंत्रातला पितळी, आत्या.”

मी तिच्याकडं बघतच राहिले.

तिचे डोळे खाली होते. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. आणि मग माझ्या डोक्यात एकामागं एक दिवे लागले. आत्या, खोबरं लालसर झालं. आत्या, धन्यांचा वास आला. श्रावण सरल्यापासून ही पोरगी रोज नोकरीला जायच्या आधी आणि आल्यानंतर माझ्या कढईशेजारी उभी राहून बडबडत होती, आणि मी तिला म्हशीशी बोलायला पाठवत होते. ती माझं नाक झाली होती. आणि आता स्वतःचं यंत्र, स्वतःचा शब्द, सगळ्या बायकांपुढं मांडलेला तो गुलाब, हे सगळं माझ्या मांडीवर ठेवून मोकळी झाली होती. पितळी म्हणायचं, एवढंच काम. माझं नाक गावात अमर झालं असतं.

“भागाक्का, हुंगा की,” कुणीतरी म्हणालं.

मी हुंगलं. सावकाश हुंगलं. आधी स्टीलचा डबा, मग पितळी. डोळे मिटले. पुन्हा पितळी. हात वर करून पोरींना गप्प बसवलं, त्या आधीच गप्प होत्या तरी. नाटक करायचं तर नीट करावं.

मग पितळी डबा दोन्ही हातांनी उचलून छातीशी धरला.

“हा माझा,” मी म्हटलं. “हा घरचा. कांडपावरनं सरळ आलेला, जिता मसाला. हजार डब्यांत ओळखीन मी याला.” आणि स्टीलचा डबा पायानं लांब सरकवला. “तो तुमच्या यंत्रातला. मेलेला. म्हशीला घाला.”

स्वरूपाचा चेहरा असा झाला की मीच घाबरले. आता ही रडते की काय.

“सांग गं पोरी, बरोबर का?” सुला उभी राहिली होती.

स्वरूपानं माझ्याकडं बघितलं. मी तिच्याकडं बघितलं, जरा रागानंच. सांग की लवकर!

“पितळी...” तिचा आवाज चिरकला. “पितळी यंत्रातला आहे.”

असा गलका झाला, काय सांगू. सुलानं पदर कमरेला बांधला आणि अंगणाच्या मधोमध एकटीच गिरक्या घ्यायला लागली. जयवंता “भागाक्का चुकल्या, भागाक्का चुकल्या” असं म्हणत दोन्ही हातांनी तोंड दाबून हसत होती, कारण उघड हसायची हिंमत नव्हती. तनू आणि पोरी पाकळ्यांवरून पळत सुटल्या. गावात पहिल्यांदाच मी खिरापत चुकले होते, आणि आनंद असा, जसं काही सगळ्यांच्या घरी बारसं आहे.

“हरलीस भागे! मान की हरलीस!”

“हरले,” मी म्हटलं. कपाळाला आठ्या घालून म्हटलं, नाहीतर सुलानं ओळखलं असतं. “एकदाच हरलेय, इतक्या उड्या मारू नकोस, गुडघे जातील. सोमवारी मसाला बांधा. जाऊ दे त्या गुलाबातनं. आणि खोकी घट्ट बांधा. ढिलं बांधलेलं मी डोळ्यांनी ओळखते, त्याला नाक लागत नाही.”

मग मीच पितळी डबा उघडला आणि ओंजळी भरभरून सगळ्यांना भडंग वाटला. ज्या म्हातारीला कळलं नव्हतं, तिला तीनदा. माझ्या वाट्याचा मूठभर मी तोंडात टाकला. कुरकुरीत होता. तिखट होता. बाकी बायकांच्या तोंडांकडं बघून कळत होतं.

बायका गेल्यावर अंगण रिकामं झालं. मी पायरीवर बसले होते, स्वरूपा खाली बसून चिंचेच्या कोळानं पितळी डबा घासत होती. बराच वेळ ती नुसती घासतच राहिली. तो डबा आधीच लख्ख झाला होता.

“कधी कळलं तुला?” मी विचारलं.

“दूध उतू जाऊन पार करपलं होतं. तुम्ही शेजारीच गहू निवडत बसला होतात.”

“कुणाला बोललीस?”

“नाही.”

“माझ्या लेकाला?”

“त्यांनासुद्धा नाही.”

मी हूं केलं. तिनं डबा पालथा घातला, हात धुतले, पदराला पुसले, आणि मग एकदम माझ्याकडं वळून फणकाऱ्यानं म्हणाली, घरात आल्यापासून पहिल्यांदाच मला अशी फणकाऱ्यानं बोलली,

“आत्या, मी पितळी म्हणाले होते. स्पष्ट म्हणाले होते. यंत्रातला पितळी!”

“ऐकलं की मी,” मी म्हटलं. “नाक गेलंय माझं. कान जागेवर आहेत.”